'परवडणे' कोणाला? : पूर्व लंडनमधील बाउंडरी वसाहत

पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन भागातील 'ओल्ड निकल' ही वस्ती इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकास परिचित असते ती आर्थर मॉरिसन यांच्या 'ए चाइल्ड ऑफ द जेगो' (१८९६) या कादंबरीमुळे. गुन्हेगारांची वस्ती अशीच तिची प्रतिमा रूढ झाली, आणि आम्ही वाङ्मयाचे लोक त्या प्रतिमेवरच थांबलो. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो तेथील भाड्याचा.

येथील मृत्युप्रमाण लंडनच्या सरासरीच्या सुमारे दुप्पट होते. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या लंडन काउंटी कौन्सिलने १८९० च्या श्रमिक गृहनिर्माण कायद्याच्या आधारे ही वस्ती पाडून तेथे बाउंडरी वसाहत उभारली. मध्यभागी अर्नोल्ड सर्कस, तेथून फुटणारे सात रस्ते, लाल विटांच्या इमारती, सामायिक धुलाईगृह, कारागिरांसाठी कार्यशाळा. ३ मार्च १९०० रोजी युवराजांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. वस्ती पाडल्यामुळे ५,७१९ माणसे विस्थापित झाली होती. त्यांपैकी नव्या वसाहतीत राहावयास आले अवघे ११ जण.

असे का झाले? कौन्सिलने १८९३ मध्ये दोन अटी घातल्या होत्या. योजनेचा भार करदात्यांवर पडू नये. आणि भाडे आसपासच्या प्रचलित भाड्यापेक्षा अधिक नसावे. दुसरी अट वरवर भाडेकरूच्या हिताची दिसते. परंतु जुन्या वस्तीत अनेक कुटुंबे एकाच खोलीत दाटीवाटीने राहत. नव्या इमारतींत बहुसंख्य घरे दोन आणि तीन खोल्यांची होती, एका खोलीची अगदी मोजकी. खोलीमागे भाडे फारसे वाढले नाही तरी घराचे एकूण भाडे वाढले. फेरीवाला किंवा हंगामी मजूर, ज्याची कमाई आठवड्यागणिक बदले, त्याला ते झेपणे शक्य नव्हते. नव्या घरांत बव्हंशी नियमित वेतन असलेली कुटुंबे आली. जुने रहिवासी शेजारच्या गल्ल्यांत पांगले आणि तेथील दाटी वाढवीत राहिले. कौन्सिलचा हेतू अप्रामाणिक होता असे मानण्यास आधार नाही. दोष मापदंडाचा होता : भाडे शेजारच्या भाड्याशी ताडून पाहिले गेले, भाडेकरूच्या मिळकतीशी नव्हे.

१९६५ मध्ये हा भाग टॉवर हॅम्लेट्स या नव्या प्रशासकीय विभागात आला. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने सरकारी भाडेकरूंना राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. अनेक कुटुंबे त्यायोगे प्रथमच मालक झाली, हे नाकारता येत नाही. मात्र अशा घरांपैकी पुष्कळशी पुढे खुल्या बाजारात गेली. इंग्लंडमध्ये १९९७ साली घराची मध्यम किंमत मध्यम वार्षिक वेतनाच्या सुमारे साडेतीन पट होती. २०२१ पर्यंत ती सुमारे नऊ पट झाली.

येथे एक भाषिक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. मराठीत 'परवडते' म्हटले की 'कोणाला?' हा प्रश्न ओघानेच येतो; 'मजुराला परवडते', 'कारकुनाला परवडत नाही' अशी चतुर्थी या क्रियापदास लागते. 'अफोर्डेबल' हे इंग्रजी विशेषण घरापुढे लागते तेव्हा माणसावाचूनही चालते. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये 'परवडणारे भाडे' नावाचा जो नवा प्रकार सरकारी धोरणात आला, त्याची कमाल मर्यादा ठरली ती स्थानिक बाजारभाड्याच्या ८० टक्के. भाडेकरूच्या वेतनाचा त्या मर्यादेत उल्लेख नाही.