मत्तलाचे कर्ज कोणी फेडायचे?

१/ श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला हंबनटोटा जिल्ह्यात एक आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, मत्तला. धावपट्टी ३,५०० मीटर लांब, क्षमता वर्षाला १० लाख प्रवाशांची. विमाने मात्र जवळपास नाहीत. या रिकाम्या विमानतळाच्या कर्जावरून पेटलेल्या राजकारणाचा हा इतिहास.

२/ १८ मार्च २०१३ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. नाव देण्यात आले ते सत्तेवर असलेल्या राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांचेच. हंबनटोटा हा त्यांचा बालेकिल्ला. खर्च सुमारे २०.९ कोटी डॉलर. त्यांपैकी १९ कोटी डॉलर चीनच्या एक्झिम बँकेचे कर्ज.

३/ देशाला दुसरा आंतरराष्ट्रीय विमानतळ हवा, ही मागणी अवाजवी नव्हती. प्रश्न जागेचा होता. भोवती विरळ वस्ती, रानहत्तींचा वावर आणि राजधानी कोलंबो दूर. प्रवासी येणार कोठून, याचे समाधानकारक उत्तर कोणापाशीच नव्हते.

४/ जानेवारी २०१५ मध्ये राजपक्षे निवडणूक हरले. त्याच महिन्यात सरकारी विमान कंपनी श्रीलंकन एअरलाइन्सने मत्तलाची उड्डाणे थांबवली. पुढे विमानतळाच्या मालगोदामांत भात साठवला गेला.

५/ येथून वादाला धार चढली. नव्या सरकारच्या मते हा एका घराण्याच्या हौसेचा खर्च होता आणि भुर्दंड साऱ्या देशाला पडत होता. राजपक्षे गटाचा प्रतिवाद असा की, नव्या सरकारने राजकीय सूडापोटी प्रकल्पाचा गळा घोटला.

६/ कर्जाला मात्र सत्तांतर ठाऊक नसते. मत्तला आणि कोलंबोजवळचे कटुनायके ही दोन्ही विमानतळे एकच सरकारी कंपनी चालवते. मत्तलाची कमाई नगण्य. म्हणून त्याच्या तोट्याचा भार कटुनायकेच्या उत्पन्नावर पडला. जो प्रवासी मत्तलाला कधी फिरकलाही नाही, त्याच्या पैशातून ही तूट भरून निघू लागली.

७/ मग भागीदाराचा शोध सुरू झाला. भारताने संयुक्त कंपनीचा प्रस्ताव मांडला. त्यात भारताचा वाटा ७० टक्के असणार होता. येणाऱ्या पैशातून चिनी कर्जाचा भार हलका करण्याची सरकारची अपेक्षा होती.

८/ ऑक्टोबर २०१७ मध्ये या प्रस्तावाविरुद्ध हंबनटोट्यातील भारतीय वाणिज्य दूतावासासमोर निदर्शने झाली. त्या प्रकरणी अटक झालेल्यांत महिंदांचे पुत्र, खासदार नमल राजपक्षे होते. ज्यांच्या राजवटीत कर्ज झाले, तेच आता ‘राष्ट्रीय संपत्ती विकू नका’ म्हणत रस्त्यावर उतरले होते. जून २०१८ मध्ये फ्लायदुबईची नियमित सेवाही बंद पडली. भारताशी करार अखेरपर्यंत झाला नाही.

९/ एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेड स्थगित केली. एकटे मत्तला त्याला कारणीभूत नव्हते. करकपात, महासाथ, रोखेबाजारातील कर्जे अशी कारणे अनेक होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच एक्झिम बँकेशी सुमारे ४.२ अब्ज डॉलरच्या कर्जफेरआखणीचा प्राथमिक समझोता झाला.

१०/ मत्तलाची कथा बहुधा ‘चिनी सापळा’ या दोन शब्दांत संपवली जाते. तेवढ्याने जबाबदारी ठरत नाही. बँकेने कर्ज दिले हे खरे. पण जागा, आकार आणि नाव कोलंबोतील सत्ताधाऱ्यांनी निवडले होते. श्रेय एका नावावर कोरले गेले आणि कर्ज साऱ्या देशाच्या नावावर राहिले. सार्वजनिक प्रकल्पाची कोनशिला वाचताना म्हणूनच एक प्रश्न आधी विचारावा : हप्ता कोणाच्या खिशातून जाणार?