लाखेचे तांबडे पाणी

जुन्या चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात पळस, कुसुम नि बोर ह्यांच्या फांद्यांवर लाखेचा किडा वस्ती करतो. ती लाख खरवडून धुतली म्हणजे पाणी तांबडेलाल होते. एके काळी ह्याच पाण्यात रेशीम नि लोकर रंगत असे. १८५६ साली पर्किनला डांबरातल्या द्रव्यापासून जांभळा रंग सापडला. मागोमाग कृत्रिम रंगांची रीघ लागली. लाखेची राळ तेवढी विकली जाऊ लागली. तांबडे पाणी नाल्याला मिळाले.

ह्या रंगाचे कुळ पुण्यास उलगडले. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक वेंकटरामन ह्यांनी सहकाऱ्यांसह १९६०नंतरच्या दशकात त्याची रचना उकलली. अशा शोधात द्रव्य कोणता प्रकाश गिळते, हे वर्णपट सांगतो. कार्बनच्या अणूंत एकेरी-दुहेरी बंध आळीपाळीने आले की काही इलेक्ट्रॉन साखळीभर मोकळे हिंडतात. साखळी लांबेल तसा गिळलेला प्रकाश तांबड्याकडे सरकतो. हे गणित आता संगणक करतो. अशाच साखळ्यांतून वीज खेळवणाऱ्यांस २०००चे नोबेल मिळाले.

तेव्हा लाखेचा रंग वाहून गेला तो निकस म्हणून नव्हे. त्याचे कुळ कळले, तोवर बाजार केव्हाच उठला होता. फांदी तोडणाऱ्याच्या हाताला मात्र तो रंग अजून लागतो.