वृद्धाश्रम कुणाच्या हाती द्यायचा?

यवतमाळहून दक्षिणेला निघालं की आर्णी लागतं. त्याच तालुक्यातल्या उमरी पठार गावात संत दोला महाराजांच्या नावाचा वृद्धाश्रम आहे. कापसाच्या या जिल्ह्यात म्हातारपण वर्षानुवर्षे घराच्या ओसरीवरच गेलं. ज्यांना ओसरीच उरली नाही, त्यांच्यासाठी मठ, देवस्थान, नाही तर गावातलं सदावर्त. छप्पर कुणी बांधायचं, हा प्रश्न तेव्हा सरकारदरबारी जात नसे.

महाराष्ट्रातलं या कामाचं एक जुनं उदाहरण पुण्याचं आहे. डेव्हिड ससून या बगदादहून आलेल्या व्यापाऱ्याच्या देणगीतून 1863 साली अनाथ पंगू गृह निघालं. आज लोक त्याला ‘निवारा’ म्हणून ओळखतात. तो काळ अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा. तिकडचा कापूस अडला, मुंबईत रुईचे भाव भडकले आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचंही नशीब फळफळलं. मुंबईच्या पेढ्यांत पैसा साचला, त्यातला थोडा धर्मादायाकडे वळला. बांधणारा शेठ, चालवणारे विश्वस्त, अशी ही घडी होती.

वऱ्हाडाने याहून कडक घडी पाहिली ती गाडगेबाबांची. शेंडगावच्या या माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या. पैसा लोकांचा, कारभार विश्वस्तांचा, आणि स्वतःच्या घरच्यांसाठी त्यात एक खोलीही नाही. संस्था सोपवताना माणूस कसा पारखावा, याचा एवढा चोख नमुना सरकारी फायलीत सापडणं अवघड.

सरकार या कामात उतरलं ते 1963 मध्ये. 20 फेब्रुवारीच्या शासन निर्णयाने निराधार वृद्धांसाठी आश्रम चालवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना अनुदान सुरू झालं. प्रवेशासाठी पुरुषाचं वय 60, स्त्रीचं 55. मारोतराव कन्नमवार तेव्हा मुख्यमंत्री होते; त्याच वर्षाच्या अखेरीस पुसदचे वसंतराव नाईक त्या खुर्चीवर आले. योजनेची रीत साधी होती. संस्थेने आधी उभं राहायचं, मग सरकारने माणशी दरमहा हातभार लावायचा. हातभार तुटपुंजाच, पण काम आधी आणि पैसा नंतर हा क्रम शहाणपणाचा होता.

1995 मध्ये तो क्रम उलटला. शिवसेना-भाजप युतीचं सरकार मार्चमध्ये आलं आणि 17 नोव्हेंबरला ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजनेचा निर्णय निघाला. नाव कुठून आलं, हे त्या वर्षी कुणाला विचारावं लागत नव्हतं. 31 जिल्ह्यांत आश्रम काढायचे, प्रत्येकाची क्षमता 100. पाच एकर जमीन आणि इमारत मिळणार, चालवायचं मात्र विनाअनुदान तत्त्वावर. निम्म्या जागा शुल्क भरणाऱ्यांसाठी. वर्षाला 12,000 रुपयांहून अधिक उत्पन्न असलेल्याने महिन्याला 500 रुपये द्यायचे. उरलेल्या 50 जागा फुकट.

हिशेब मांडून पाहावा. पन्नास जणांच्या पाचशे रुपयांचे होतात 25,000. एवढ्यात शंभर माणसांचं दोन वेळचं जेवण, औषधपाणी, वीज, आचारी आणि रात्रपाळीचा माणूस बसवायचा. म्हणजे चालक संस्थेकडे स्वतःची गंगाजळी किंवा देणगीदारांचा गोतावळा हवाच. पाच एकर आणि तयार इमारत दिसली की अर्ज करणारे पुष्कळ. खरी परीक्षा पुढे. मंजूर झालेले सगळे मातोश्री आश्रम टिकले नाहीत, याचं नवल वाटायला नको. झुणका-भाकर केंद्रंही त्याच सरकारची. तिथेही मोक्याच्या जागा आधी वाटल्या गेल्या आणि भाकरी मागे पडली.

पाच एकरांची आणखी एक अडचण. एवढी जमीन भरवस्तीत कुठून मिळणार? आश्रम गावाबाहेर जातो आणि दवाखाना लांब राहतो. आर्णी तालुक्यातल्या म्हाताऱ्याला मोठ्या दुखण्यासाठी यवतमाळचं वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयच गाठावं लागतं.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 गरजूंना सामावणाऱ्या वृद्धाश्रमाची कल्पना मांडली, पण राज्यांवर सक्ती केली नाही. दरम्यान पुण्यात परांजपे स्कीम्सने ज्येष्ठांसाठी ‘अथश्री’ हा गृहप्रकल्प उभारून दाखवून दिलं, की पेन्शनवाला मध्यमवर्ग अशा घरासाठी पैसे मोजायला तयार आहे. बिल्डर या क्षेत्रात आले, तशी नियमांचीही गरज पडली. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार एकाहून अधिक मजल्यांच्या इमारतीला लिफ्ट हवी, दारं 900 मिलिमीटर रुंद हवीत, वावरण्याच्या जागेत पायऱ्या नकोत, कठडे हवेत, आणि या सोयी विक्री करारातही नमूद हव्यात.

घर विकत घेणाऱ्यासाठी हे मोठंच संरक्षण आहे. पण उमरी पठारला येणारा म्हातारा विक्री करार करत नाही. त्याच्या बाबतीत जिल्हा कचेरीने आश्रम सोपवताना संस्थेचे गेल्या दहा वर्षांचे जमाखर्च मागितले, तर 1995 ची निम्मी चूक तरी टळेल.