मालवाहतुकीतील मजुरीखर्च (धाराशिव जिल्हा)

ट्रक किंवा ट्रॅक्टरने माल हलवताना माणसांच्या श्रमांपोटी मोजावी लागणारी रक्कम. तीत चालकाचा पगार व खर्ची, क्लीनरची मजुरी, हमाली, वाराई आणि उसाच्या बाबतीत तोडणी-भरणीही येते. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात सोयाबीन व ऊस हे वाहतुकीचे मोठे माल. पुणे–हैदराबाद महामार्ग नळदुर्ग-उमरग्यावरून, तर सोलापूर–धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येरमाळ्यावरून जातो.

बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी येडशी-ढोकीमार्गे १९११ मध्ये लातूरला पोचली. पण पुढे मुंबईकडे जाणारा माल कुर्डुवाडीला उतरवून रुंदमापी डब्यांत भरावा लागे. म्हणजे दुबार हमाली. ट्रकने ती वाचवली. २००७-०८ मध्ये लोहमार्ग रुंदमापी झाला, तोवर बराच माल रस्त्यावर आलेला होता.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस ठरवला. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांपुरता होता. एकाच गाडीचा मालक त्याबाहेरच राहिला. २०१८ मध्ये ट्रकची भारमर्यादा सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वाढली आणि नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक ठेवण्याची सक्तीही उठली. टनामागचा चालकखर्च त्यामुळे घटतो. पण न थांबता रात्रभर गाडी हाकण्याचा ताण एकट्यावर येतो.

हमालांना १९६९ च्या माथाडी कायद्याचा आधार मिळाला. वाराई हा मात्र जुना वाद. माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे ट्रकवाल्याकडून वसूल होतात, तेव्हा ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा ऐकू येते, आणि ती रास्त आहे.

उसाचा हिशेब सर्वांत गुंतागुंतीचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घ्यायची आणि टनावर ती फेडायची. तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधून, डोक्यावर घेऊन, तिरक्या लावलेल्या फळीवरून ट्रकवर चढवतात. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच होते. तिचे वेगळे मोल क्वचितच मिळते. तोडणीच्या दरात २०२० मध्ये १४ टक्के, तर जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ झाली. मजुरांच्या टंचाईमुळे हार्वेस्टर वाढले, तरी लहान आणि ओल्या फडांत ते चालवणे अवघड जाते.

वाहतुकीचा दर टन आणि अंतरावर ठरतो. त्यामुळे कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत चालकाचे जे तास जातात, त्यांना दरात जागा नाही. ट्रकऐवजी दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वाढण्यामागे एक कारण हेही आहे की रिकाम्या ट्रॉल्या फडात भरायला सोडून ट्रॅक्टर दुसऱ्या खेपेला मोकळा होतो.

उसाची एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) कारखान्याच्या दारातली किंमत म्हणून धरली जाते. त्यामुळे फडापासून दारापर्यंतचा तोडणी-वाहतूक खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वजा होतो. बहुतेक ठिकाणी तो सर्व अंतरांची सरासरी काढून कापला जात असल्याने कारखान्याशेजारचा शेतकरीही लांबच्या उसाचे भाडे भरतो.