तिथीपुरते समाधान

महाराष्ट्रात समाधानाचा विषय निघाला की तुकोबा आठवतात, आणि तुकोबांबरोबर इंद्रायणीत बुडवलेली कर्जखते. देहूच्या या घरात महाजनकी होती, दुकान होते, सावकारीही होती. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बसला, पहिली पत्नी आणि मुलगा गेले, आणि पुढे तुकोबांनी लोकांकडच्या येण्याची खते नदीत सोडली. एवढे सर्वांना ठाऊक असते. सांगताना गळतो तो कान्होबांचा भाग. परंपरा म्हणते की या धाकट्या भावाने आपला वाटा मागून घेतला, खतांचे दोन भाग झाले आणि तुकोबांनी बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. तुकोबांचे विस्तृत चरित्र लिहिणारे महिपती अठराव्या शतकातले, म्हणजे घटनेनंतर शंभरावर वर्षांनी लिहिणारे. तेव्हा अशा तपशिलाला कागदपत्राचे वजन देता येणार नाही. पण वारकऱ्यांनी गोष्ट अशीच जपली आणि वाटा मागणाऱ्या भावाला खलपुरुष केले नाही. तुकोबांच्या वियोगाचे कान्होबांचे अभंग गाथेबरोबर आदराने छापले जातात. एकाच घरात एकाने येणे सोडले, दुसऱ्याने ठेवले, आणि संप्रदायाने दोघांनाही आपले मानले, हे मला त्या बुडवलेल्या खतांइतकेच महत्त्वाचे वाटते.

वारकरी परंपरा महत्त्वाकांक्षा मारते, आहे त्यात गप्प बसायला शिकवते, असे मानण्याची आपल्याला सवय झाली आहे. वारीच्या प्रथेचा इतिहास वेगळे सांगतो. या प्रथेने समाधानाला माणसाचा कायमचा स्वभाव बनवण्याचा हट्ट धरला नाही. त्याला पंचांगात जागा दिली. माळ घालणाऱ्याने घर सोडावे, धंदा बंद करावा, अशी अट कधी नव्हती. गोरोबांनी तेरला मडकी घडवली, सावतोबांनी अरणला मळा राखला, नरहरी सोनारकाम करीत राहिले. अट एवढीच, की ठरल्या तिथीला पंढरीला पोचायचे, आणि तिथी कोणाच्या सोयीने हलत नाही. पाऊस पडो न पडो, भाव चढोत उतरोत, आषाढ शुद्ध एकादशी आली की पुढचे बेत बाजूला ठेवायचे. आणि पौर्णिमेचा काला झाला की माघारी फिरायचे. परतण्याची ही बाजू फारशी कोणी लिहीत नाही, पण संन्यास आणि वारी यांतला फरक तिथेच आहे.

वारीच्या तिथीची कामाच्या हंगामांशी सांगड कोणी बसून आखली नसणार. पण ज्या प्रथा जगण्याच्या चाकोरीत बसतात त्याच टिकतात, आणि वारी कशी बसली ते पाहण्यासारखे आहे. पंढरपूरचा आसमंत पर्जन्यछायेतला. सोलापूर भागात पावसाचा मोठा वाटा भाद्रपद-आश्विनात पडतो आणि तिथले मुख्य पीक रब्बीची ज्वारी, ती हस्ताच्या पावसाच्या आगेमागे पेरायची. म्हणजे आषाढात या भागातल्या शेतकऱ्याला थोडी उसंत असते. मराठवाड्यातला किंवा पुणे-साताऱ्याकडचा शेतकरी मृगावर पेरून निघतो. पाऊस लांबला तर घरातला एक वारीला जातो, बाकीचे पेरणीला थांबतात. लढणाऱ्यांचेही तसेच. शिवकालात फौजा पावसाळ्यात छावणीला परतत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा बाहेर पडत, असे सभासदाने लिहून ठेवले आहे. दसऱ्याला मुलूखगिरीला निघणारा गडी आषाढात टाळ घेऊन चालू शकत होता. (कार्तिकीला हे गणित बसत नाही, तेव्हा मोहिमा सुरू झालेल्या असत.) महत्त्वाकांक्षेचे महिने आणि ती खाली ठेवण्याचे दिवस एकाच वर्षात, एकाच माणसाच्या वाट्याला येत होते.

याचा सर्वांत ठसठशीत दाखला म्हणजे हैबतबाबा आरफळकर. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 च्या सुमारास पालखीची प्रथा सुरू केली. आळंदीच्या सोहळ्याला आजचे वेगळे रूप दिले ते हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. हे साताऱ्याकडचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. चाकरी सोडून ते आळंदीला आले, पण चाकरीत कमावलेले कसब विसरून आले नाहीत. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आले, तंबू आले, चोपदार आले, मुक्कामांचा क्रम ठरला, दिंड्यांना क्रमांक मिळाले. आजही रथापुढे 27 दिंड्या चालतात. फौजेची शिस्त त्यांनी जशीच्या तशी भजनाच्या सेवेला लावली. मुक्कामावरची समाज आरती पाहिली की हे कळते. चोपदाराने दंड उंचावला की हजारोंचा टाळांचा गजर एकदम थांबतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ वाजत राहतात, चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, आणि मगच आरती होते. असंतोषाला बोलण्याची रीतसर जागा ठेवणारी ही व्यवस्था समाधानी माणूस म्हणजे मुका माणूस असे मानत नव्हती. हैबतबाबांनी काही न मिळवता केवळ नामस्मरण केले असते, तर हा सोहळा असा उभा राहिला नसता. त्यांची महत्त्वाकांक्षा निमाली नव्हती. तिचा धनी बदलला होता.

यावर जुना आक्षेप आहे आणि तो मोठ्या माणसाचा आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी संतांच्या सहिष्णू धर्माने महाराष्ट्र दुबळा केला असे मानले आणि रामदासांच्या जयिष्णू धर्माला श्रेय दिले. न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 साली निघालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मराठी सत्तेच्या उदयाची भूमी संतांनीच तयार केली असे मांडले होते. मला रानड्यांची बाजू थोडी ताणलेली वाटते. अभंग ऐकून कोणी गड घेतला असे दाखवता येत नाही. पण राजवाड्यांचे म्हणणे त्याहून लंगडे आहे. टाळ-मृदंगाने मनगट ढिले होत असते, तर ज्या मावळ-देशातून दिंड्या निघत त्याच मुलखाने स्वराज्याला माणसे कशी पुरवली?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि त्याला तेवढे सोपे उत्तर नाही. ज्याच्याकडे सोडायला काही आहे त्याने समाधान सांगावे, हे ठीक. ज्याच्याकडून सगळे हिरावले आहे त्याला तेच सांगणे ही क्रूरता आहे. चोखोबा मंगळवेढ्याच्या तटबंदीच्या कामावर भिंत कोसळून 1338 मध्ये गेले, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी विठ्ठलाच्या देवळासमोर, पायरीच्या बाहेरच राहिली. त्यांचा मुलगा कर्ममेळा याच्या अभंगांत देवालाच जाब विचारला आहे. त्यांच्या जातीच्या माणसांना देऊळ उघडे झाले ते 1947 साली, साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण केल्यावर. वाटेवर पायी चालताना भेद विसरणारी प्रथा देवळाच्या दारात सहा शतके भेद पाळत होती, हे तिच्यावरचे लांच्छनच आहे. पण नेमकी गोष्ट लक्षात घ्यावी: चोखोबांच्या घराने हे समाधानाने स्वीकारले नाही, आणि ते दार उघडण्यासाठी झगडणारे गुरुजी वारकऱ्यांचेच शब्द बोलत होते. लादलेले गप्प बसणे आणि आपणहून घेतलेली उसंत यांना एकच नाव देण्याची चूक बाहेरच्यांची आहे, चोखोबांची नव्हे.

वारीतही मान आहे, रथापुढचा आणि रथामागचा क्रम आहे, त्यावरून वाद झाले आहेत, असेही कोणी म्हणेल. खरे आहे. देवळातल्या बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांवर 1973 साली कायदा झाला आणि त्यावरचा झगडा सर्वोच्च न्यायालयात संपायला 2014 उजाडले. हाव देवळात शिरली, दिंडीतही शिरते. मात्र चालणाऱ्यांपैकी कित्येक जण गाभाऱ्यापर्यंत जातही नाहीत. चंद्रभागेत स्नान करतात, कळसाला हात जोडतात आणि वारी पोचली असे मानतात. रांगेत पुढे सरकण्याची ईर्ष्या त्यांनी त्या दिवसापुरती सोडलेली असते. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, पालख्या परतीच्या वाटेला लागतात, एसटीच्या जादा गाड्या भरून निघतात, आणि त्यांतले बहुतेक जण त्याच आठवड्यात खुरपणीला उभे असतात.