निवृत्तीनंतरचे वास्तव्य : बिठूरपासून महादेवपुऱ्यापर्यंत

मनुष्याने उमेदीची वर्षे कष्टात घालवावीत आणि उतारवयात आपल्या घरी, आपल्या माणसांत स्वस्थ बसावे, अशी आपल्याकडील जुनी कल्पना आहे. परंतु ज्यांच्या मुलांनी पोटापाण्यासाठी गाव सोडले, त्यांना उतारवयात आपले घर नेमके कोणते, हाच प्रश्न पडतो. महादेवपुऱ्यातील मराठी कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. पुणे, सातारा, नागपूर वा सोलापूर येथील घराला कुलूप लावून मुलाकडे किंवा मुलीकडे राहावयास आलेले आईवडील येथील बहुतेक वसाहतींत आढळतात. त्यांतील अनेकांचे दुसरे अपत्य अमेरिकेत, कॅनडात वा ऑस्ट्रेलियात असते आणि मग वर्षाचे काही महिने समुद्रापलीकडे जातात. अशा वास्तव्यास दोन आधार लागतात. पहिला, राहण्याची परवानगी. दुसरा, हाती पोचणारे आणि करापोटी झिजून न जाणारे उत्पन्न. या दोन्ही आधारांना मराठी इतिहासात बरीच जुनी उदाहरणे आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्यांचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

आरंभ याच भूमीपासून करता येईल. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. राजांचा दरबार बंगळुरास आणि पुणे-सुप्याची जहागीर मात्र शेकडो मैल दूर, अशी ती व्यवस्था होती. वास्तव्य एका प्रांती व वसूल दुसऱ्या प्रांती, हा प्रकार म्हणजे आजच्या अनिवासी भाषेतील जुना नमुनाच होय. परंतु तिचा पाया होता दरबारची मर्जी. १६४८ मध्ये जिंजीच्या वेढ्याच्या वेळी याच शहाजीराजांना आदिलशाहीच्या आज्ञेने कैद करण्यात आले. पराक्रमी पुरुषाचेही परप्रांतातील स्थान किती नाजूक असते, हे त्या प्रसंगाने दाखविले. पुढे १६६४ मध्ये त्यांचा अंत झाला तोही कर्नाटकातच, होदिगेरे येथे.

हे झाले सरदारांचे. सामान्य मराठी माणसाने निवृत्तीसाठी स्वखुशीने गाठलेला दूरदेश म्हणजे काशी. संसाराची जबाबदारी मुलांवर सोपवून गंगातीरी देह ठेवावा, या इच्छेने गेलेल्या वृद्धांमुळे काशीत ब्रह्मघाट-दुर्गाघाटाच्या आसपास मराठी वस्ती वाढली. या काशीवासालाही परवाना आणि कर चुकला नव्हता. निरनिराळ्या सत्तांच्या मुलखांतून जाताना दस्तक, म्हणजे मार्गपरवाना, जवळ ठेवावे लागे आणि नाक्यानाक्यावर जकात द्यावी लागे. तीर्थाच्या ठिकाणी यात्राकर निराळाच. अकबराने १५६३ मध्ये तो रद्द केला होता. पुढच्या काळात तो पुन्हा सुरू झाला. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेस निघाल्या, तेव्हा उदयपूर, जयपूर येथील राजांनी त्यांचा सन्मान केला. सामान्य यात्रेकरूच्या वाट्यास ते भाग्य कोठून येणार? ईस्ट इंडिया कंपनीनेही प्रयाग, गया आणि जगन्नाथपुरी येथील यात्राकर चालू ठेवला होता व अखेर १८४० च्या कायद्याने तो उठविला.

काशीवासी माणसाचा पैसा हुंडीने येई. पुण्याच्या पेढीवर रक्कम भरावी, काशीच्या पेढीने ती द्यावी आणि मध्ये हुंडणावळ कापून घ्यावी, अशी ती रीत होती. घरून हुंडी थांबली की काशीवासी अन्नछत्राच्या पंगतीस बसे. अहिल्याबाई होळकरांसारख्यांच्या दानधर्माने अनेकांची पोटे भरली, यात शंका नाही. परंतु दानावर जगणे आणि स्वतःच्या उत्पन्नावर जगणे यांतील अंतर त्या पंगतीत बसणारास कोणी समजावून सांगावे लागले नसेल.

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बिठूर. ३ जून १८१८ रोजी दुसऱ्या बाजीरावाने सर जॉन माल्कमच्या अटी मान्य करून शस्त्र खाली ठेवले. त्या अटींनी त्याने दख्खन कायमचे सोडावयाचे होते, उत्तरेत कंपनी सरकार ठरवील त्या तीर्थक्षेत्री राहावयाचे होते आणि त्याबद्दल वार्षिक किमान ८ लाख रुपये निवृत्तिवेतन मिळावयाचे होते. कानपूरजवळ गंगेच्या काठी बिठूर ठरले. पुण्याहून आप्त, आश्रित, भटभिक्षुक असा मोठा परिवार तेथे गेला व गंगातीरी एक छोटे पुणे वसले. आजच्या शब्दांत सांगावयाचे तर वास्तव्याचा परवाना आणि निवृत्तिवेतन ही एकाच कागदाने एकमेकांस बांधलेली होती. जागा सोडली तर वेतन गेले आणि मायदेशी परतण्याचा मार्ग तर बंदच होता.

बाजीराव त्यानंतर सुमारे ३३ वर्षे जगला. २८ जानेवारी १८५१ रोजी तो वारला आणि त्याचे दत्तक पुत्र नानासाहेब यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, की हे ८ लाख कोणाचे? माल्कमच्या अटींत निवृत्तिवेतन बाजीरावाच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी, असे शब्द होते आणि नानासाहेबांचा सारा युक्तिवाद त्यांवर आधारलेला होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने तो फेटाळला. मयताने सुमारे २८ लाखांची मालमत्ता मागे ठेवली आहे, तेव्हा कुटुंबास आणखी काही देण्याचे सरकारवर बंधन नाही, असे त्याचे म्हणणे. १८५३ मध्ये अझीमुल्लाखान यांस लंडनला पाठवून दाद मागण्यात आली. तीही निष्फळ ठरली. पुढे १८५७ मध्ये काय घडले ते सर्वश्रुत आहे. त्या महायुद्धाची कारणे अनेक होती. परंतु कानपूरच्या रणात नानासाहेबांस आणणाऱ्या कारणांत हे निवृत्तिवेतन निश्चितच होते. तंजावरच्या भोसल्यांचीही गत फारशी निराळी झाली नाही. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांना वार्षिक १ लाख पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा ठरला होता. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि ती व्यवस्था संपुष्टात आली.

या सर्व कथांचे मर्म एकच आहे. देणाऱ्याने निवृत्तिवेतन ही कृपा मानली, घेणाऱ्याने तो हक्क मानला आणि निवाडा करणारा तिसरा कोणी नव्हता.

तो तिसरा निवाडा करणारा भारतास स्वातंत्र्यानंतर मिळाला. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की निवृत्तिवेतन ही सरकारच्या मर्जीवरील बक्षिसी नव्हे. केलेल्या सेवेतून उत्पन्न होणारा तो हक्क आहे. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाचा हा निर्णय होय. निवृत्त मंडळी १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात, तो याच कारणाने. आता विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन नियमाने ठरते. त्यासाठी लंडनला वकील धाडावा लागत नाही. वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिला म्हणजे झाले, आणि २०१४ पासून तो घरबसल्या जीवन प्रमाण या पद्धतीनेही देता येतो. परदेशी असलेल्यांना भारतीय वकिलातीचीही सोय आहे.

प्रवासाच्या स्वातंत्र्याचाही असाच प्रवास झाला. १९६७ पर्यंत पारपत्र देणे न देणे हे सरकारच्या इच्छेवर होते. त्या वर्षी सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरला आणि त्याच वर्षी पारपत्राचा नवा कायदा झाला. देशांतर्गत वास्तव्याचे तर संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदानेच अभिवचन दिले आहे. नागपूरचे आजोबा महादेवपुऱ्यात येऊन दहा वर्षे राहिले तरी त्यांस कोणी दस्तक विचारीत नाही. फार तर सोबत आणलेल्या महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या मोटारीची बारा महिन्यांनंतर येथे नोंदणी करावी लागते व कर भरावा लागतो. जुन्या जकातीची तेवढीच आठवण उरली आहे.

आपल्या शेजारचे व्हाइटफील्ड १८८२ मध्ये डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने, म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन लोकांसाठी वसविण्यात आले. ज्यांना आपले म्हणावे असे गाव नव्हते, त्यांनी गाव वसविण्याचा तो प्रयत्न होता. बंगळुरास पेन्शनरांचे नंदनवन म्हणत, ते त्याच्या सौम्य हवेमुळे. आज त्याच परिसरात संगणकाच्या कंपन्यांची दाटी झाली आहे आणि येथूनच मुले परदेशी जातात. देशातील वास्तव्याचा प्रश्न सुटला. आता उरला तो समुद्रापलीकडील वास्तव्याचा.

तेथे मात्र परवानगी अद्याप दुसऱ्याच्या मर्जीवर आहे. अमेरिकेच्या अभ्यागत व्हिसावर सामान्यतः एका खेपेस सहा महिन्यांपर्यंत राहता येते. किती दिवस, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवितो. १९६५ च्या कायद्याने अमेरिकी नागरिक झालेल्या सज्ञान मुलास आईवडिलांना संख्येच्या मर्यादेविना कायमचे बोलाविता येऊ लागले. परंतु त्यांनी ग्रीन कार्ड घेतले की वर्षाहून अधिक काळ पूर्वपरवानगीविना बाहेर राहण्यात ते गमावण्याचा धोका असतो. म्हणजे मायदेशी किती रमावे, यालाच मर्यादा पडते. वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याचा लाभही पाच वर्षे सलग वास्तव्य झाल्यावाचून मिळत नाही. कॅनडाने डिसेंबर २०११ मध्ये आईवडील व आजीआजोबा यांच्यासाठी सुपर व्हिसा सुरू केला; त्यावर दीर्घ काळ राहता येते, पण खासगी आरोग्य विमा आधी दाखवावा लागतो.

कराच्या बाबतीत दोन देशांची गणना निराळी असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. भारतात वर्षातून १८२ दिवस राहणारा निवासी ठरतो, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ६० दिवस भारतात राहिला आणि मागील चार वर्षांत ३६५ दिवस येथे होता, तर तोही निवासी ठरू शकतो. परदेशी स्थायिक झालेला भारतीय येथे भेटीस आला तर त्यास सवलत आहे. पण येथेच घर असणारे आजोबा सात महिने मुलाकडे राहून आले, एवढ्याने ते अनिवासी होत नाहीत. निवासी माणसास जगभरच्या उत्पन्नावर भारतात कर लागतो. २०२५ साली संमत झालेल्या नव्या आयकर कायद्यानेही दिवस मोजण्याचे हे तत्त्व सोडलेले नाही. उलट ग्रीन कार्ड घेणाऱ्यास अमेरिकाही जगभरचे उत्पन्न विचारते. पुण्याच्या घराचे भाडे व बँकेचे व्याज तेथे दाखवावे लागते, आणि बाहेरच्या खात्यांत मिळून वर्षात केव्हाही १०,००० डॉलरहून अधिक रक्कम झाली तर त्या खात्यांची माहिती द्यावी लागते. एकाच उत्पन्नावर दोनदा कर पडू नये म्हणून दोन्ही देशांत १९८९ मध्ये करार झाला. त्याअन्वये सरकारी नोकरीचे निवृत्तिवेतन सामान्यतः ते देणाऱ्या देशात आणि खासगी नोकरीचे राहत्या देशात करपात्र असते.

परकीय चलनाचा कायदा याहून वेगळा आहे. तो दिवसांबरोबर हेतूही पाहतो. मुलाकडे कायमचे राहावयाचे ठरवून गेलेल्यास बँकेतील साधे खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवे खाते उघडता येत नाही. एके काळी खिशात आठ डॉलर घेऊन परदेशी गेलेल्या पिढीस आजची मोकळीक नवलाची वाटेल. २००४ मध्ये निवासी माणसास वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठविण्याची मुभा मिळाली; २०१५ पासून ती मर्यादा २,५०,००० डॉलर आहे.

या सर्व नियमांचे पाठांतर करावे, असा आमचा आग्रह नाही. नियम बदलतात आणि जाणकाराचा सल्ला घेणे केव्हाही श्रेयस्कर. परंतु बिठूरच्या कथेतून तीन प्रश्न मात्र प्रत्येक घराने घ्यावेत. आपण तेथे कोणाच्या परवानगीने आणि किती काळ राहणार? आपल्या उत्पन्नावर कोणाकोणाचा हक्क पोचतो? आणि दोघांपैकी एक गेल्यावर मागे राहणाऱ्याच्या हाती काय राहील? नानासाहेबांपुढे तिसरा प्रश्न आला तेव्हा करारातील दोन शब्दांखेरीज त्यांच्या हाती काही नव्हते. आपल्या घरांत बहुधा आईस स्वाक्षरीपलीकडे कागद दाखविले जात नाहीत. खाती दोघांच्या नावे असणे, नामनिर्देशन व मृत्युपत्र केलेले असणे, कुटुंब निवृत्तिवेतनाच्या आदेशात पत्नीचे नाव बिनचूक असणे, या गोष्टी विमानाचे तिकीट काढण्याआधी पाहावयाच्या आहेत.

आणि आईवडिलांना बोलाविणाऱ्या मुलांसही एक विनंती. निवृत्तिवेतन आता हक्काचे झाले. व्हिसा मात्र अजून कोणाच्या तरी अनुग्रहाचा आहे. तेव्हा त्यांचे गावाकडचे घर विकण्याची घाई करू नये. बाजीरावास पुण्यास परतण्याची मनाई होती. आपल्या वडीलधाऱ्यांस ती कोणीही घातलेली नाही, आणि आपल्या सोयीसाठी ती आपण घालू नये.