एफ-१० कुणाचं?

परवा थोरल्या भावाची जुनी पत्रं स्कॅन करून पेनड्राइव्हवर घेत होतो. काम संपलं, सवयीनं एफ-१० दाबलं, तर मिडनाइट कमांडर बंद न होता टर्मिनलचा मेनूच उघडला!

या भांडणाला इतिहास आहे. १९८६ साली जॉन सोशांचा नॉर्टन कमांडर डॉसवर आला. एफ-५ म्हणजे नक्कल, एफ-८ म्हणजे पुसणं, एफ-१० म्हणजे बाहेर. डॉसवर समोर एकच प्रोग्रॅम, त्यामुळे सगळी बटणं त्याचीच. १९९४ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझांनी त्याच धर्तीवर युनिक्ससाठी मिडनाइट कमांडर लिहिला. पुढे १९९७ मध्ये फेदेरिको मेनांसोबत ग्नोमचा पायाही त्यांनीच घातला. आणि ग्नोमच्या टर्मिनलनं एफ-१० दिलं मेनूला. म्हणजे एकाच घरातली भाऊबंदकी की हो!

तोड सोपी निघाली. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये मेनूचा हा हक्क काढून घेता येतो. नाहीतर एस्केप दाबून सोडायचं, मग शून्य. एफची बटणं नसलेल्या टर्मिनलसाठी ठेवलेली ही पाऊलवाट.

आम्हा भावांतही शेताच्या बांधावरून नऊ वर्षं अबोला होता. पत्रं त्याआधीची. पाऊलवाट तिथंही असणार. दोघांनीही शोधली नाही. आता तो नाही.

पत्रं मात्र सगळी उतरली. असो.